एका लुगड्याचा स्लॅब

सूर्यापुढे लहानमोठं कोणी नसतं, त्याच्या दारात सगळी छपरं सारखीच. हे वाक्य माझं नाही. आमच्या पवनीत घरोघरी सौर पॅनेल बसवण्याची योजना आली, तेव्हा तिच्या शुभारंभाला आलेल्या पाहुण्यांनी ते मंचावरून उच्चारलं. मंचावर मंडप होता, दोन पंखे होते आणि मंडप असूनही पाहुण्यांच्या मागे एक माणूस छत्री धरून उभा होता. समोर आम्ही होतो आणि सूर्य होता.

भाषण संपल्यावर, कोणाला काही शंका आहे का, असं रिवाजाप्रमाणे विचारलं गेलं. शंका नसते, हाही रिवाजच. पण मागच्या रांगेतून एक उंच, वाळका म्हातारा उठला. डोक्याला दुपट्टा बांधलेला, धोतर गुडघ्याच्या जरा खाली.

"उन्हाचं समजलं जी," तो म्हणाला. "सावलीचं काय करा लागते?"

पाहुण्यांना प्रश्न आवडला. विकासाच्या सावलीत तळागाळातला माणूस कसा येणार आहे, हे त्यांनी सविस्तर सांगितलं. म्हातारा तोवर उभाच होता. पाहुण्यांचं झाल्यावर म्हणाला, "तशी नाही. माह्या स्लॅबवर पडते, ते."

तेवढ्यात आभारप्रदर्शन सुरू झालं.

ते दामोदरजी सोनकुसरे. आमच्या कोष्टी मोहल्ल्यात त्यांचं घर आणि माझं घर समोरासमोर. गल्ली इतकी अरुंद की त्यांच्याकडे फोडणी पडली की आमच्याकडे ठसका लागतो. मी कॉलेजात इतिहास शिकवला, म्हणजे होऊन गेलेल्या माणसांवर माझा उदरनिर्वाह चालला. पण ती माणसं कोणाच्या स्लॅबवर येऊन बसतात, असं मात्र मी कधी शिकवलं नाही.

दामोदरजींनी जन्मभर हातमाग चालवला. माग खड्ड्याचा. जमिनीत कमरेइतका खड्डा, त्याच्या काठावर बसायचं, पाय आत सोडायचे आणि पायांनी पावड्या दाबायच्या. गुडघे गेले तसा माग थांबला, पण पाय सोडायची सवय गेली नाही. कुठेही काठ दिसला की ते बसायचे आणि पाय खाली सोडायचे. ओट्याच्या कडेला, नाल्याच्या भिंतीवर, लग्नाच्या मंडपात बोहल्याच्या टोकाला. बोलताना पाय आलटूनपालटून हलत. पाय हलायचे थांबले की समजावं, आता ते काही खरं बोलणार.

अंतरं ते कापडात मोजायचे. बसस्टँड किती दूर, असं कोणी परगावच्याने विचारलं की म्हणायचे, "असंल दोन थान." तो माणूस कापडाचं दुकान शोधत निघून जाई. आणि कापड दिसलं की चिमटीत धरल्याशिवाय त्यांना राहवत नसे. नवरदेवाची शेरवानी, डॉक्टरचा कोट, बँकेतल्या साहेबाच्या टेबलावरचं आच्छादन. चिमटीत धरायचं, अंगठा फिरवायचा आणि निकाल सांगायचा. निकाल बहुधा एकच असे: "पावरलूम." पुढे पुढे तो माणसांनाही लागू झाला. एखादा माणूस फार गोड, फार सफाईने, एकाच पट्टीत बोलायला लागला की दामोदरजी माझ्याकडे वळून हळूच म्हणायचे, "सरजी, पावरलूम."

एकदा हातमाग कारागिरांचा सत्कार ठरला. दामोदरजींना शाल आणि श्रीफळ मिळणार होतं. नाव पुकारलं तर ते मंचावर नाहीत; पाहतो तर मंचाच्या कडेला पाय सोडून बसलेले. त्यांना उठवून मधोमध आणलं, शाल पांघरली. फोटोवाला म्हणाला, इकडे पाहा. दामोदरजी शालीकडे पाहत होते. चिमटीत धरली, अंगठा फिरवला आणि माईक तोंडासमोरच असल्यामुळे सगळ्या पटांगणाला ऐकू गेलं: "हे तं पावरलूम हाये."

सूत्रसंचालक हजरजबाबी होता. तो म्हणाला, "शाल कुठलीही असो, भावना हातमागाची आहे."

शाल त्यांनी घरी नेली आणि बायकोला दिली. तिने ती स्लॅबवर वाळत घातलेल्या मुंगवड्यांवर झाकली.

गिरिजाबाई. दामोदरजी जितके उंच तितक्या त्या बुटक्या. दोघं बाजाराला निघाली की गल्लीतली पोरं हसायची, आणि पोरं हसायच्या आधी गिरिजाबाईच म्हणायच्या, "माह्या टायमाले देवाचं सूत सरलं होतं." जन्मभर त्यांनी नवऱ्याच्या मागासाठी सुताच्या कांड्या भरल्या. माग थांबल्यावर रिकामे हात घेऊन त्या स्लॅबवर गेल्या. पोराने, राजूने, नोकरी लागल्यावर छपराची जुनी कवेलू उतरवून घरावर स्लॅब टाकला होता. विणकरांची घरं असतात तशी जागा: अरुंद आणि लांबच लांब. गल्लीच्या बाजूचा दक्षिणेकडचा कोपरा सगळ्यांत उन्हाचा. तिथे गिरिजाबाई कुरोड्या, वड्या, लाखोळीची डाळ घालायच्या आणि माकडांपासून राखत बसायच्या. माकडांसाठी तेलाचा एक रिकामा पिपा होता आणि एक काठी. माकड दिसलं की पिप्यावर काठी. टण्ण.

आमच्या माडीच्या खिडकीतून तो कोपरा अगदी समोर येतो. पण गिरिजाबाई कठड्याच्या वर यायच्या नाहीत. दिसायचं ते फक्त काठीचं टोक. ते हललं की बाई जाग्या आहेत, स्थिर असलं की डुलकी लागली आहे. दुपारभर माझं वाचन त्या टण्ण टण्ण आवाजावर चालायचं. सुरुवातीला मी वैतागायचो. नंतर आवाज आला नाही की पान उलटायला विसरायचो.

माग विकायच्या आधी दामोदरजींनी त्यावर शेवटचं एक लुगडं विणलं. गर्द जांभळं, काठ लाल. दुखऱ्या गुडघ्यांनी, रखडत, किती महिने ते मला आता सांगता येणार नाही. उतरवल्यावर बायकोच्या मांडीवर ठेवलं.

"आता कायले?" गिरिजाबाई म्हणाल्या. "हे नेसून कुठी जाऊ?"

"स्लॅबवर जाय."

"माकडं पाहतीन."

"पाहू दे. त्यायले तरी हातमाग समजंल."

त्या खरंच ते नेसून स्लॅबवर जाऊ लागल्या. आणि एका उन्हाळ्यात तेच नेसून, त्याच कोपऱ्यात, कठड्याला टेकून बसल्या बसल्या गेल्या.

ती दुपार दामोदरजींनी मला पुष्कळदा सांगितली. प्रत्येक वेळी तीच, त्याच शब्दांत. ते खाली ओसरीत पडले होते. वर पिपा वाजत होता. मधून मधून वाजत होता, म्हणजे बाई राखत बसली आहे. उन्हं उतरल्यावर त्यांनी चहा ठेवला, हाक मारली. ओ आली नाही. वर गेले तर काठी हातात, डोळे मिटलेले. डॉक्टर आले. म्हणाले, जाऊन बराच वेळ झाला, जेवण झाल्यावर थोड्या वेळातच गेल्या असतील.

"मंग पिपा कोण वाजवत होता जी?" दामोदरजी विचारायचे. हे विचारताना त्यांचे पाय थांबलेले असत.

मी त्यांना सांगितलं. रिकामा पिपा उन्हात तापतो, पत्रा फुगतो, त्याचा पोचा आतबाहेर होतो आणि आवाज होतो. यात काही नाही. कोणताही पत्रा वाजतो. मी हे चांगलं समजावून सांगितलं, असं मला वाटलं.

त्यांनी लक्ष देऊन ऐकलं. "असंल," म्हणाले. "तुमी शिकलेले हा. मी पायतो बसून."

आणि ते बसले. रोज जेवण झालं की वर जायचे आणि पिप्याशेजारी बसायचे. उन्हाळा, हिवाळा. पावसाळ्यात पिपा खाली आणून ओसरीत ठेवायचे आणि ओसरीत बसायचे. वर जाताना जांभळं लुगडं न्यायचे. ते आठवड्यातून एकदा स्वतः धुवायचे आणि तिथेच कठड्यावर वाळत घालायचे. मला खिडकीतून आता त्यांचं दुपट्टा बांधलेलं डोकं दिसे, आणि शेजारी काठीचं टोक. कधी कधी डोकं काठीकडे वळे. ओठ हलत.

काही महिन्यांनी एकदा गल्लीत भेटले, म्हणाले, "सरजी, उन्हानं वाजते ना पिपा?"

"वाजतो."

"मंग मी बसल्यापासून एकदाही काहून नाही वाजला?"

पिपा जुना झाला असेल, असं काहीतरी मी म्हणालो.

राजू पुण्याला असतो. पोरगा वाईट नाही. फोन करतो, पैसे पाठवतो, दिवाळीला येतो. त्याला गल्लीतल्या कोणीतरी कळवलं होतं की तुझा बाप भर उन्हात स्लॅबवर बसून आईशी बोलतो. त्याचा मला फोन आला. पुण्याच्या भाषेत सुरू झाला आणि हळूहळू पवनीत उतरला.

"काका, सोलरचा फॉर्म भरलाय मी. बाबांना म्हटलंय, बिल कमी येईल. पण काका, खरं सांगू का? पूर्ण स्लॅब भरून घ्यायचाय. कडेपासून कडेपर्यंत. वर बसायला जागाच नाही उरली तर जाणार कशाला? एक दिवस उन्हानं तिथंच पडतीन अन् मले इथं फोन येईल. आई तशीच गेली ना. मले लय भेव वाटते काका."

विजेसाठी सौर पॅनेल बसवणारे मी बरेच पाहिले. भूत उतरवायला बसवणारा पहिलाच. पण त्याच्या आवाजात ते भेव खरं होतं, त्यामुळे मला काही विनोद सुचला नाही.

दामोदरजींची पॅनेलला ना नव्हती. त्यांची एवढीच अट होती की कोपरा सोडावा. "तितं सावली पडते," ते राजूला म्हणायचे. "सावलीत तुमचं ते सोलर चालत नाही म्हणते." राजू म्हणायचा, बाबा, त्या कोपऱ्यात कसली सावली, सगळ्यात जास्त ऊन तिथंच आहे. हे संभाषण फोनवर बरेच दिवस चाललं. त्यातूनच शुभारंभाच्या कार्यक्रमातली ती शंका उगवली होती.

मोजमापाला आल्या सोलर कंपनीच्या इंजिनिअर मेश्राम मॅडम. एकोडीकडच्या, वडील जवाहरनगरच्या कारखान्यात नोकरीला, त्यामुळे क्वार्टरमध्ये वाढलेल्या. तिशीतली, टापटीप, कमी बोलणारी बाई. स्लॅबवर पोचल्या तेव्हा दुपार झाली होती. दामोदरजींनी मलाही बोलावलं होतं. शिकलेल्याशी बोलायला शिकलेला बरा, असा त्यांचा हिशेब असावा. मॅडमनी एक छोटं यंत्र काढलं. त्यातून लाल ठिपका निघतो, तो समोरच्या भिंतीवर पडला की अंतर कळतं. रुंदी सहज आली, कारण जिन्याच्या खोलीच्या सावलीत ठिपका दिसला. लांबी येईना. स्लॅबच्या त्या टोकाला इतकं ऊन की ठिपका पांढऱ्या कठड्यावर कुठे हरवतो ते कळेना. मॅडम हाताची सावली करून पाहत होत्या, मी हातातलं पुस्तक धरून पाहत होतो. सूर्याच्या योजनेत सूर्यच आडवा आला होता.

"टेप दुसऱ्या बॅगेत राहिला," मॅडम म्हणाल्या. "ती बॅग आमच्या सरांसोबत एकोडीला गेली. मी उद्या येते."

"कायले उद्या?" दामोदरजी म्हणाले. "माप घरचंच हाये."

आणि त्यांनी कठड्यावर वाळत असलेलं जांभळं लुगडं काढलं.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी जिन्याच्या खोलीवरच्या टाकीकडे पाहिलं.

"मीच विणलं हे," दामोदरजी म्हणाले. "नऊवारी. धरा वो बाई पदर, खाली लागू देऊ नका."

मॅडमनी पदर धरला. दामोदरजी दुसरं टोक घेऊन मागे मागे चालत गेले, कोपऱ्यापर्यंत. लुगडं कठड्याच्या कडेने ताणलं गेलं. त्याच्या जांभळ्या रंगाचा उजेड त्या दोघांच्या तोंडावर पडला होता. वारा आला तेव्हा ते मधे फुगलं, जणू आत कोणी आहे. मग बसलं. एक टोक जिन्याच्या खोलीला, दुसरं कोपऱ्यातल्या कठड्याला. ना बोटभर कमी, ना बोटभर जास्त.

"बरोबर एक लुगडं," दामोदरजी म्हणाले.

"नऊवारी म्हणजे नऊ वार," मॅडम मोबाइलमध्ये लिहीत म्हणाल्या. "तीन नवे सत्तावीस. सत्तावीस फूट. ड्रॉइंगपुरतं चालेल."

दामोदरजी लुगड्याची घडी घालत होते. घडी घालताना ते कधीच बोलत नसत.

"आता सावली," मॅडम म्हणाल्या. "कुठे सावली पडते का? झाड, टाकी, शेजारची इमारत?"

"या कोपऱ्यात पडते."

मॅडमनी कोपरा पाहिला. तिथे पिपा होता, काठी होती आणि डोळे दिपवणारं ऊन होतं. "कशाची?"

"तिची. ती बसते तिथं."

कोण, असं मॅडमनी विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "बारा महिने बसतात?"

"पावसाळ्यात खाली येते."

मॅडमच्या मोबाइलमध्ये सावलीच्या कारणांचे पर्याय होते. झाड, टाकी, इमारत, विजेचा खांब, इतर. त्यांनी 'इतर' वर बोट ठेवलं आणि कोपरा चित्रातून वगळला. खाली उतरताना जिन्यात मला म्हणाल्या, "आमची आजी गेल्यावर आजोबा वर्षभर दोन ताटं वाढायचे. आम्ही काही म्हटलं नाही. तसंही ते दोन्ही जेवायचे."

पण फॉर्म राजूच्या नावाने होता. ड्रॉइंग पुण्याला गेलं. राजूने फोन करून कोपरा परत चित्रात घेतला आणि वडिलांना तसं सांगितलंही. लपवलं नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. "बाबा, आता हट्ट पुरे. मी तिकडे येऊ शकत नाही, तुम्ही इकडे येत नाही. मग एवढं तरी ऐका." दामोदरजींनी फोन ठेवला आणि ओट्याच्या कडेला पाय सोडून बसले. पाय हलत नव्हते.

"पोट्टा भेतो," ते मला म्हणाले. "त्याचंही बरोबर हाये. पण मी उठलो आन् तो पिपा वाजला, तं कोण आयकंल जी?"

तेव्हा मला कळलं की ते तिथे बायकोशी बोलायला बसत नव्हते. एका दुपारी खाली पडल्या पडल्या आपण काय ऐकलं, हे त्यांना समजून घ्यायचं होतं. पत्रा वाजला असेल, तर ती एकटी गेली आणि हे खाली निवांत पडून राहिले. ती वाजवत असेल, तर गेल्यावरही ती त्यांना सांगत होती, मी आहे, झोपा. यातलं कोणतं, एवढंच. आणि ते कळायला पिप्याशेजारी बसण्याखेरीज दुसरा उपाय त्यांना माहीत नव्हता. मलाही नाही.

पॅनेल बसवायला माणसं आली त्या सकाळी दामोदरजी सगळ्यांच्या आधी वर गेले. मी खिडकीत होतो. ते कोपऱ्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, अगदी नेहमीच्या आवाजात, पाव्हण्यांसमोर घरच्या बाईला म्हणावं तसं, "उठ वो. जागा दे त्यायले." मग वाकले, पिपा उचलला, काठी उचलली आणि खाली आणून ओसरीत ठेवली. पावसाळा नव्हता.

फिटरांनी जिन्याच्या बाजूने कामाला सुरुवात केली. लोखंडी सांगाडा, त्यावर एकेक निळंकाळं पॅनेल. दुपारपर्यंत काम शेवटाला आलं आणि वरून आवाज चढले. शेवटचं पॅनेल बसेना. आडवं धरलं, उभं धरलं. कठड्याच्या बाहेर यायला लागलं. टेप काढला. स्लॅब कागदावर होता त्याहून आखूड निघाला. फिटरांनी मॅडमना फोन लावला, मॅडम तासाभरात आल्या.

"हे माप कोणी घेतलं?" फिटरांच्या मुकादमाने विचारलं.

"लुगड्यानं," असं कामावर सांगणं कोणत्याही इंजिनिअरला जड जाईल. शेवटी मॅडमनी सांगितलं. मुकादमाला वाटलं त्या चेष्टा करताहेत.

"काका, लुगडं आटलं असेल धुऊन धुऊन," मॅडम दामोदरजींना म्हणाल्या.

एवढी वर्षं शेजारी राहून मी त्यांना रागावलेलं पाहिलं ते तेव्हाच. "माहं कापड आटत नाही बाई. सूत आधीच भिजवून घेतो मी. पावरलूम हाये का ते?"

"मग नऊ वार कसं भरलं नाही?"

"नऊवारीच हाये ते. कोणालेही इचारा."

गल्लीत विचारलं. सगळ्यांनी सांगितलं, गिरिजाबाईचं जांभळं नऊवारी. सगळ्यांनी पाहिलं होतं.

वाद कंपनीत गेला, पुण्याला गेला. मॅडमना बोलणी खावी लागली असणार. त्यांनी ती कोणाला सांगितली नाहीत. एक पॅनेल परत गेलं. बाकीची बसली आणि वीज तयार करू लागली. राजू फोनवर म्हणाला, असू दे. स्लॅबच्या दक्षिण टोकाला पॅनेल आणि कठडा यांच्यामधे एक जागा उरली: एका माणसाला ऐसपैस, दोघांना दाटीवाटीने. शिवाय उन्हाळ्यात, ऊन कलल्यावर, पॅनेलच्या सांगाड्याची तिथे आता थोडी खरीच सावली पडत होती.

दामोदरजींनी त्याच दिवशी पिपा वर नेला.

त्यानंतर दोन हिवाळे मी ते डोकं आणि ती काठी पाहिली. मधल्या काळात पिपा वाजला का, असं मी त्यांना विचारलं नाही, आणि त्यांनीही सांगितलं नाही. मोहल्ल्यात काहीजण म्हणू लागले की बाईनेच आपली जागा राखली. पॅनेल परत पाठवणारं लुगडं म्हणून ते लुगडं पाहायला बाया येऊ लागल्या. एकीने त्याला हळदकुंकू लावलं. माणसाला चमत्कार हवा असतो आणि मोजमाप चुकलं की तो मिळतो; इतिहासात याची उदाहरणं पुष्कळ आहेत. मी हे आमच्या घरी बोलून दाखवलं तेव्हा सुनंदा, माझी बायको, म्हणाली, "तुमी दुपारी खिडकी लावून का घेत नाही मंग?"

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाला त्यांना जिन्यात भोवळ आली. पडले नाहीत, बसले. पण बातमी पुण्याला पोचली आणि राजू न्यायला आला. पंधरा दिवसांसाठी म्हणाला. दामोदरजी तयार झाले. लुगडं घडी घालून त्यांनी सुनंदाच्या हाती दिलं. "राखजा बाई. येतोच."

निघायच्या आधी ते वर गेले. मी खिडकीत होतो. त्यांनी दोन्ही हात कठड्यावर टेकले, माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. शेजारी काठीचं टोक होतं. मग खालून राजूने हाक मारली, ते वळले आणि जिन्याकडे गेले. दोन्ही हात त्यांचे मोकळे होते. काठीचं टोक थोडा वेळ तिथेच, सरळ, आणि मग हललं. काठी कठड्याला टेकवलेली असेल आणि घसरली असेल. तसंच असणार.

ते पुण्यात गेले, पंधरा दिवसांच्या आतच. झोपेत, असं राजू म्हणाला. फोन ठेवल्यावर सुनंदा आत गेली. मी पुस्तक उघडून बसलो. भर दुपार होती, समोरच्या स्लॅबवर कोणी नव्हतं आणि पिपा वाजत होता. मधून मधून. संध्याकाळपर्यंत वाजत होता. उन्हाने वाजतो. मी त्यांना सांगितलंच होतं.

पावसाळ्याआधी मेश्राम मॅडम आल्या. प्रत्यक्षात बसलं तसं चित्र कंपनीला द्यायचं राहिलं होतं. या वेळी टेप आणला होता. स्लॅब मोजून झाला, चित्रात दुरुस्ती झाली, सावलीच्या कारणात 'इतर' होतं ते त्यांनी तसंच ठेवलं. मग खाली येऊन सुनंदाला म्हणाल्या, "ते लुगडं जरा पाहू का? माझ्या मनातून जात नाही ते."

आमच्या ओसरीत लुगडं पसरलं. कुंकवाचा डाग एका कोपऱ्यात होता. दोन्ही शेवट शाबूत होते, कुठे कापलेलं नाही, काठ कुठे आकसलेला नाही. मॅडमनी टेप लावला, दोनदा लावला. चोवीस फूट. नेमके आठ वार. आटलेलं कापड इतकं नेमकं आटत नाही.

सुनंदा पदराची घडी घालू लागली होती. ती म्हणाली, "गिरिजाबाईचं ना? आठच वार असंल. पुऱ्या नऊ वारांत बुडून जायच्या त्या."